गाडी रिकामी करा

माझ्या मावशीच्या दुकानाच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी आहे. ‘गाडी चालू करून आणू नये. ढकलत आणावी.’ नवीन गिऱ्हाईक ती वाचतं आणि हसतं. काहीजण वाद घालतात. बंद पडलेली गाडी ढकलत आणायची ते ठीक, पण सुरू होणारी गाडी कशाला ढकलायची, असं विचारतात. मावशी उत्तर देत बसत नाही. पाटीकडे बोट दाखवते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते.

गाड्यांची वायरिंग आणि बॅटरीची कामं करते म्हणून सगळा रस्ता तिला करंटबाई म्हणतो. वय साठीला टेकलंय. उंची बेताची, चष्म्याची एक काडी वायरने बांधलेली, अंगात निळा कोट, कोटाच्या एका खिशात टेस्टर आणि दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. आता मी तिशीची आहे, मुलांना शाळेत पोचवणारी व्हॅन चालवते आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तिच्याबरोबर राहते. मी फटकळ आहे, रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. मावशी मात्र शांत आहे, देवमाणूस आहे, असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतंय.

जुन्या गाड्यांचं एक दुखणं असतं. संध्याकाळी गाडी व्यवस्थित घरी येते आणि सकाळी किल्ली फिरवली की टक् असा एक आवाज, पुढे काही नाही. बॅटरी उतरलेली असते. माणूस लगेच नवी बॅटरी आणतो, आठ दिवसांत तीही उतरते, मग तो बॅटरीवाल्याच्या नावाने खडे फोडतो. खरं म्हणजे बंद गाडीतसुद्धा कुठूनतरी करंट झिरपत असतो आणि ती जागा शोधणं हे चिकाटीचं काम आहे. मावशी बॅटरीच्या वायरमध्ये मीटर जोडते, दारं लावून गाडीला अर्धा तास निवांत पडू देते आणि मग एकेक फ्यूज काढत आकड्याकडे बघत बसते. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या फ्यूजच्या वायरीवर दोष. बाकीचे मिस्त्री अशा वेळी ‘चोर सापडला’ म्हणतात. मावशी तो शब्द तोंडातून काढत नाही. ती ‘गळती सापडली’ म्हणते.

माझ्याच व्हॅनचं उदाहरण सांगते. मागच्या वर्षी रोज सकाळी बॅटरी मान टाकायची. मावशीने फ्यूज काढत काढत आतल्या दिव्यांपर्यंत माग काढला आणि मग माझा फोन मागितला. त्याचा कॅमेरा चालू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. दोन मिनिटांनी बाहेर काढून बघतो तर फोनमध्ये लखलखाट. झाकण लावल्यावरही डिकीतला दिवा विझत नव्हता, बटण अडकलं होतं. झाकणाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, एवढंच ती म्हणाली आणि बटण बदललं.

आता ती पाटी. फ्यूजमधून न जाणारी एक गळती असते. गाडी चालू असताना बॅटरी भरायचं काम अल्टरनेटर करतो आणि त्याची जाड वायर थेट बॅटरीला गेलेली असते. अल्टरनेटरच्या पोटात डायोड असतात. करंट बॅटरीकडे जाऊ द्यायचा, उलटा येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. त्यातला एखादा गेला की गाडी चालू असताना बॅटरी अर्धवट भरते आणि बंद असताना उलटी रिकामी होते. सगळे फ्यूज काढून टाकले तरी मीटरचा आकडा हलत नाही, आणि मिस्त्री म्हणतो मीटरच खराब आहे. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडलं आणि गार इंजिनावर हात फिरवला, तर सगळं गार लागतं आणि तेवढा अल्टरनेटर कोमट लागतो. तापलेल्या मुलाच्या कपाळासारखा. गाडी एकदा चालू केली की सगळंच तापतं आणि ही खूण पुसली जाते. म्हणून ढकलत आणायची. हे मावशीला कोणी शिकवलं नाही, तिच्या हातानेच तिला शिकवलं.

हा हात चौदा वर्षं एका मोठ्या गॅरेजच्या मागच्या खोलीत राबला. गॅरेज मुख्य रस्त्याच्या वळणावर आहे, अजूनही आहे. त्याच्या मालकाला सगळे कडक इस्त्री म्हणतात. गॅरेजमध्ये दिवसभर पांढराशुभ्र शर्ट घालून वावरणारा आणि त्यावर ग्रीसचा एक ठिपका पडू न देणारा माणूस किती काम करत असेल ते तुम्हीच ओळखा. त्याचा एक नियम होता. तो सकाळी नऊला यायचा, त्याआधी आवारातल्या सगळ्या गाड्या चालू करून रांगेत लावायच्या. आत शिरताना इंजिनांचा आवाज कानावर पडला पाहिजे, धूर दिसला पाहिजे, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला वाटावं की इथे धंदा जोरात आहे. मावशीने एकदा सांगून पाहिलं होतं की मालक, गाड्या गार असताना मला बघू द्या. तो हसला होता. हसायचा फार गोड. मला त्याच्या त्या हसण्याची अजून शिसारी येते.

गॅरेजच्या दर्शनी भागात नव्या बॅटऱ्यांचं काचेचं कपाट होतं, खरी कमाई त्यातूनच. एक म्हातारे गृहस्थ होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना वर्षात तिसरी बॅटरी विकायचं चाललं होतं. मावशी हात पुसत मागच्या खोलीतून बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, “गुरुजी, बॅटरी चांगली आहे. अल्टरनेटर उतरवू द्या, मी संध्याकाळपर्यंत करून देते.” गुरुजींनी बॅटरी घेतली नाही. कडक इस्त्री तेव्हाही गोडच हसला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्या कामगारांना आवारात उभं केलं. मागच्या खोलीतून तांब्याची तार जातेय, असं म्हणाला. मग मावशीला पुढे बोलावलं आणि पिशवी रिकामी करायला सांगितली. ती म्हणाली, “खोलीत चला मालक, तिथे बघा.” तो म्हणाला, “इथेच. सगळ्यांसमोर. म्हणजे कोणाच्या मनात शंका नको.”

तिने पिशवी जमिनीवर उपडी केली. डबा, कंगवा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, माझ्या परीक्षेच्या फीची पावती, लोकरीचा अर्धा विणलेला मोजा. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, हूक तुटलेलं तिचं आतलं कापड, घरी जाताना शिवून घ्यायचं म्हणून ठेवलेलं. कडक इस्त्रीने ते कागदासकट हातात घेतलं नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर उचलून धरलं. पाचपंचवीस बाप्ये हसले. तार निघाली नाही, तारेचा तुकडासुद्धा निघाला नाही. त्यावर तो म्हणाला, “आज नाही सापडलं म्हणजे काय, काल नेलं असेल. उद्यापासून येऊ नकोस.”

पिशवीतून काय निघालं ते लोक आठ दिवसांत विसरले. पिशवी रिकामी करायला लावली, एवढंच लक्षात राहिलं. गावातल्या एकाही गॅरेजने तिला उभं केलं नाही. तिने पंखे दुरुस्त केले, दारावरच्या घंटा बसवल्या, इस्त्र्यांच्या वायरी बदलल्या. मग हळूहळू टॅक्सीवाले येऊ लागले, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला गुण येत नव्हता. त्यातून हे दुकान उभं राहिलं. पण आजही एकही गिऱ्हाईक गाडी तिच्याकडे सोडून जात नाही. ऊन असो, काही असो, काम होईपर्यंत गाडीला टेकून उभं राहतं, तिच्या हातांकडे बघत. स्टुलं आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत. इतकी वर्षं मी हे वरच्या खिडकीतून बघत आले आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे सगळं मी इतकं बारकाईने सांगतेय, कारण त्या दुपारी मी तिथे होते. एकोणीस वर्षांची होते. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींबरोबर फाटकापाशी उभी होते, मावशीकडून खोलीची किल्ली घ्यायला आले होते. ते कापड स्क्रूड्रायव्हरवर लटकलेलं मी पाहिलं. एका मैत्रिणीने विचारलं, “तुझी मावशी इथेच काम करते ना?” मी म्हणाले, “छे, ती दुसरीकडे.” आणि त्यांना घेऊन वळले. जाताना मागे पाहिलं तेव्हा मावशी एकटी गुडघ्यांवर बसून वस्तू गोळा करत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मावशीला तर नाहीच. त्या माणसाचा सूड घ्यायचा हे मात्र मी त्याच संध्याकाळी ठरवलं. त्याच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत साखर टाकण्यापासून काय काय बेत केले होते, ते आता सांगायला लाज वाटते. मावशीने एकदाही त्याचं नाव काढलं नाही.

आणि मग यंदा त्याचीच गाडी आजारी पडली.

गाडी सव्वीस वर्षांची आहे, लांबलचक, पांढरी. गॅरेज सुरू केलं तेव्हा घेतलेली, त्यामुळे तो तिला विकत नाही, शुभ समजतो. दोन महिने ती रोज सकाळी त्याच्या घरासमोर मरून पडायची. गॅरेजचा मालक, आणि कामगार त्याची गाडी ढकलत गॅरेजात आणतात, असं दृश्य अख्खा रस्ता चहा पीत बघायचा. त्याने स्वतःच्याच कपाटातल्या तीन बॅटऱ्या स्वतःलाच बसवल्या. त्याच्या मिस्त्र्यांनी सगळे फ्यूज काढले, आकडा हलेना, म्हणून मीटर बदललं. मला ही बातमी कळली त्या दिवशी मी मुलांना शाळेपर्यंत गाणी म्हणत नेलं. गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली होती की ज्याला स्वतःची गाडी चालू करता येत नाही, त्याच्याकडे आपली कशाला द्यायची. त्याचं आवार ओस पडत चाललं होतं.

एका संध्याकाळी त्याच्या गॅरेजातले मोठे मिस्त्री आले. हे त्या दुपारी आवारात स्वतःच्या पायांकडे बघत उभे राहिलेले गृहस्थ. दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, मालकांची गाडी बघाल का? मीच त्यांना म्हटलं, आता दुसरं कोणी नाही.”

मी जिन्यावर होते. म्हणाले, “त्यांना सांगा, बाईंची पिशवी भरलेली आहे, वेळ नाही.”

मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. “बघीन,” ती मिस्त्रींना म्हणाली. “आज बॅटरी पूर्ण चार्ज करून जोडा. रात्रभर गाडीला कोणी हात लावायचा नाही. सकाळी चालू न करता आणायची. पाटी वाचलीत ना?”

“वाचली.”

“आणि मालकांना बरोबर यायला सांगा. किल्ली घेऊन.”

मिस्त्री गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हणाले, तुला काही आहे की नाही, त्याने तुझं काय केलं ते विसरलीस का, त्याची गाडी तू हातात घेणार? मावशी मीटरच्या वायरी गुंडाळत होती. “गाडीने माझं काय केलंय?” ती म्हणाली आणि वर जेवायला गेली. मी त्या रात्री तिच्याशी बोलले नाही.

सकाळी सातला वरात आली. मी व्हॅन पुसत होते. चार मिस्त्री मागून ढकलत होते आणि पांढऱ्या शर्टातला कडक इस्त्री बाजूने चालत, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सांभाळत होता. अकरा वर्षांत माणूस बराच खचला होता. केस मात्र काळेभोर. ज्या रस्त्याने टॅक्सीवाले, दूधवाले, पेपरवाले जातात त्या रस्त्याने अर्धा मैल तो असा आला. माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊनच आमच्या दुकानापुढे आली. एक टॅक्सीवाला आधीपासूनच त्याच्या टॅक्सीला टेकून उभा होता, त्याचं हेडलाइटचं काम होतं.

“काय ताई, बरं आहे ना?” कडक इस्त्री म्हणाला आणि हसला. अकरा वर्षांपूर्वी ए बाई म्हणायचा. आता ताई.

“बॉनेट उघडा, मालक,” मावशी म्हणाली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. मावशीने कोटाला हात पुसले. इंजिनावर तळहात ठेवला, मग रेडिएटरवर, मग खाली वाकून आत हात घातला आणि अल्टरनेटरवर ठेवला. तिथे तो हात जरा जास्त वेळ राहिला. मी तिचं तोंड बघत होते. तिला दोष सापडला की तिचा खालचा ओठ किंचित आत जातो, हे फक्त मला माहीत आहे. ओठ आत गेला. संपलं, मी मनात म्हणाले, दोन मिनिटांत सांगून मोकळी होणार आणि हा हसत घरी जाणार. मला रडूच यायचं बाकी होतं.

मावशीने हात बाहेर काढला, सावकाश पुसला आणि म्हणाली, “गाडी रिकामी करा.”

“म्हणजे?”

“गळती कुठेही असू शकते. कप्प्यात, सीटखाली, डिकीत. काहीतरी कुठेतरी चालू राहिलेलं असतं. आतलं सगळं बाहेर काढावं लागेल.”

“मिस्त्री, काढा रे,” तो म्हणाला.

“मिस्त्री नकोत. गाडी तुमची, सामान तुमचं. उद्या काही हरवलं तर बोट कोणाकडे दाखवायचं? तुमच्या हातानेच काढा.”

“मग दुकानात आत घेऊ या का गाडी?”

“इथेच,” मावशी म्हणाली. “सगळ्यांसमोर. म्हणजे कोणाच्या मनात शंका नको.”

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मोठे मिस्त्री पुन्हा स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. त्याने स्वतः मात्र ते ओळखलं नाही. ज्याने केलं त्याला कशाला आठवतंय. मावशीने दुकानातून एक जुनी ताडपत्री आणून रस्त्याच्या कडेला पसरली आणि स्टूल घेऊन बाजूला बसली.

त्याने पुढचा कप्पा उघडला. कागदपत्रं निघाली, एक काडी तुटलेला चष्मा निघाला, तोंडाचा वास घालवायचा फवारा निघाला. गोळ्यांची पाकिटं निघाली, ब्लडप्रेशरचीच. “पुढे,” मावशी म्हणाली. केस काळे करायच्या रंगाच्या दोन पुड्या आणि त्याचे काळे डाग पडलेले हातमोजे निघाले, तेव्हा टपरीवाला पहिल्यांदा हसला. सीटखालून प्लॅस्टिकची एक पिशवी निघाली. तो ती पायाने मागे सारू लागला. “त्यात काय आहे?” मावशीने विचारलं. “बघावं लागेल. एखादा चार्जर असायचा.” पिशवीत मधोमध भोक असलेली गोल उशी होती, मूळव्याधीवाले घेतात तसली. ती ताडपत्रीवर ठेवताना त्याचे कान लाल झाले. आता बरेच जण हसत होते आणि त्यांत मीही होते, सगळ्यांत मोठ्याने.

डिकीतून चपला निघाल्या, घडी होणारी चालायची काठी निघाली, जी त्याने आजवर कोणाला दाखवली नव्हती, आणि बक्षीस घेतानाचा त्याचा स्वतःचाच फोटो चौकटीसकट निघाला. शेवटी कळकट पांढरे शर्ट निघाले, चारपाच, एकात एक कोंबलेले. कॉलर पिवळ्या पडलेल्या. इतक्या कडक माणसाचे शर्ट घरी कोणी धूत नसावं. ते बाहेर काढताना त्यांतून एक बनियन घसरून रस्त्यावर पडला आणि मावशी उठली. कोटाच्या खिशातून तिने टेस्टर काढला. टेस्टरच्या टोकावर बनियन उचलला, क्षणभर तसाच धरला आणि ताडपत्रीवर नीट ठेवला.

तेव्हा त्याला आठवलं. हसणं कुठे गेलं कोण जाणे, तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी मान वर केली नाही.

“झालं रिकामं?” मावशीने विचारलं.

“झालं,” तो म्हणाला.

मावशीने बॅटरीला मीटर जोडलं आणि सगळ्यांना दिसेल असं बॉनेटच्या कडेला ठेवलं. आकडा तीन अँपिअरच्या आसपास होता. बंद गाडीत तो जवळजवळ शून्य हवा. तिने मोठ्या मिस्त्रींना सगळे फ्यूज काढायला सांगितले. काढले, आकडा हलला नाही. मग तिने पाना घेतला, अल्टरनेटरची जाड वायर मोकळी केली आणि बाजूला धरली. आकडा शून्यावर आला.

“डायोड गेलाय,” ती म्हणाली. “हात लावा, अजून कोमट आहे. तुमच्याकडे नऊच्या आधी सगळ्या गाड्या चालू करतात ना, म्हणून गार गाडीला हात लावून बघायची कोणाला सवयच नाही.”

मोठ्या मिस्त्रींनी हात लावला. मग दुसऱ्याने लावला. कडक इस्त्री तसाच उभा होता. “हे तुम्हाला आधीच कळलं होतं,” तो हळूच म्हणाला.

“पहिला हात लावला तेव्हाच.”

“मग हे सगळं कशाला काढायला लावलं?”

“तुम्ही मला काढायला लावलं होतं तेव्हा काय निघालं होतं?”

टपरीवरच्या माणसांचं चहा पिणं थांबलं होतं. मावशीने मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. एक वायर गुंडाळून झाली, दुसरी गुंडाळून झाली. तिला घाई नव्हती.

“काही नाही,” तो म्हणाला.

“मला कमी ऐकू येतं.”

“काही नव्हतं निघालं.” या वेळी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तार निघाली नव्हती. पिशवीत तार नव्हती.”

“कालही नेली नव्हती,” मावशी म्हणाली. “परवाही नाही. अल्टरनेटर उतरवून ठेवून जा. चार दिवसांनी मिळेल, काम नीट करून मिळेल. गाडी ढकलत न्या.”

एवढंच. ती आवाज चढवून बोलली नाही, मला वाटत होतं तशी त्याच्या अंगावर थुंकली नाही. हेडलाइटवाला टॅक्सीवाला इतका वेळ टॅक्सीला टेकून होता, तो सरळ झाला. टॅक्सीची किल्ली त्याने मावशीच्या स्टुलावर ठेवली, “बाई, मी जरा जाऊन येतो, तुम्ही उरका,” म्हणाला आणि टपरीकडे निघून गेला. गाडी तिच्याकडे सोडून. मावशीने किल्लीकडे पाहिलं आणि लिमलेटची गोळी तोंडात टाकली. अकरा वर्षांत मी तिला कामाच्या मध्ये गोळी खाताना पाहिलं नव्हतं.

मिस्त्री अल्टरनेटर उतरवायला लागले आणि कडक इस्त्री ताडपत्रीवरचं सामान गोळा करू लागला. बघणारे बघत होते. कोणी पुढे झालं नाही. वाकायला त्याला त्रास होत होता, म्हणून शेवटी तो गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या पँटला रस्त्याची धूळ लागली. एका हाताने शर्ट छातीशी धरून दुसऱ्याने तो गोळ्यांची पाकिटं वेचत होता आणि एक पाकीट घसरून माझ्या व्हॅनच्या चाकाशी आलं.

मी अकरा वर्षं याच सकाळची वाट पाहिली होती. मनासारखं झालं होतं, बेत केले होते त्यापेक्षाही सरस झालं होतं. पण गुडघ्यांवर बसलेली तशी पाठ मी पूर्वी एकदा पाहिली होती. मी वाकून ते पाकीट उचललं आणि त्याला द्यायला निघाले.

“राहू दे,” मावशी म्हणाली.

मी थांबले. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, मीटरवरचा आकडा वाचावा तसं ती म्हणाली, “तेव्हाही तू फाटकात उभीच होतीस. आज काय झालं?”

आणि ती टॅक्सीचा हेडलाइट खोलायला बसली. तिने मला त्या दुपारी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्या संध्याकाळी माझ्यासाठी जेवण गरम केलं होतं, फीची पावती माझ्या हातात दिली होती, आणि नंतर अकरा वर्षं रोज माझ्याशी बोलली होती. शाळेची वेळ होत आली होती, मुलं कोपऱ्यावर वाट बघत असणार. कडक इस्त्री गुडघ्यांवरूनच हात पुढे करून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या गोळ्या मुठीत धरून जिथल्या तिथे उभी होते.